शाळेच्या तपासणीत ‘हृदयात मर्मर’ लिहून आलं, आता पुढे काय?

सर, तुम्ही विचारलंय ते असं की तुमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आरबीएसकेची, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारी पथकाची, गाडी येऊन गेली, तिसरीतल्या एका मुलीच्या कार्डावर ‘मर्मर, टूडी इको करून घेणे’ असं लिहून गेले, आता तिचे वडील म्हणतात पोरगी दिवसभर उड्या मारते तिला काय झालंय, आजी म्हणते शाळेनं उगाच घाबरवलं, आणि तुम्हाला कळेना की ही पाच मिनिटांची तपासणी कितपत खरी धरायची आणि शिक्षक म्हणून आपण नेमकं काय बघायचं. मी बालरोगतज्ज्ञ, लहान मुलांच्या हृदयाचंच काम बरीच वर्षं करतोय, जिल्हा रुग्णालयातल्या इको शिबिरांना अशाच चिठ्ठ्या घेऊन आलेली मुलं तपासतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या मुलीचं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्यायचाच. पण पालकांना हेही सांगा की मर्मर म्हणजे आजार नव्हे, तो फक्त रक्त वाहताना होणारा एक जास्तीचा आवाज आहे. वाढीच्या वयात निम्म्या तरी मुलांमध्ये कधी ना कधी असा आवाज ऐकू येतो आणि त्यातल्या बहुतेकांचं हृदय ठणठणीत असतं. मूल तापात असेल, आत्ताच पळून आलेलं असेल, अंगात रक्त कमी असेल तर तो आवाज वाढतो, झोपवून ऐकला तर मोठा आणि उठून बसवलं की बारीक होतो. अजून एक आवाज मानेच्या शिरेतून येतो, गळ्याच्या हाडाखाली सलग ऐकू येतो, नवख्याला वाटतं काहीतरी भयंकर आहे, आणि मुलाला आडवं केलं किंवा मान वळवली की गायब. असे निरुपद्रवी मर्मर ओळखायला कान तयार लागतो. गाडीवरचे डॉक्टर एका दिवसात सगळी शाळा बघत असतात, त्यांनी शंका आली की लिहून द्यायचं हेच त्यांचं काम, निदान करणं हे त्यांचं काम नाही. त्यामुळे चिठ्ठी मिळालेल्यांपैकी बरीच मुलं इको नॉर्मल निघून घरी जातात, आणि ते चांगलंच आहे, त्याला पथकाची चूक म्हणू नये. मी तर म्हणतो ज्या पथकाच्या सगळ्याच चिठ्ठ्यांत आजार निघतो ते पथक नक्की काहीजणांना सोडून देतंय.

आता वडिलांचा मुद्दा, की पोरगी खेळते मग तिला काय असणार. हाच मुद्दा मला रोज ऐकायला मिळतो आणि शाळेतल्या तपासणीचं सगळं महत्त्व याच मुद्द्यात आहे म्हणून जरा थांबून सांगतो. हजार बाळं जन्मली की त्यात आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काहीतरी दोष असतो. भारतात वर्षाला 2 लाखांहून जास्त अशी बाळं जन्मतात असा अंदाज आहे, आणि त्यातल्या साधारण पाचातल्या एकाचा दोष इतका गंभीर असतो की पहिल्या वर्षातच काही केलं नाही तर बाळ हाताला लागत नाही. म्हणजे शाळेत पोचलेली मुलं कोण? एक तर ज्यांचं ऑपरेशन आधीच झालंय ती, नाहीतर ज्यांचा दोष सावकाश त्रास देणारा आहे ती. आणि सावकाश त्रास देणाऱ्या दोषाचं लक्षणच हे की मूल खेळतं, शाळेत जातं, वरवर काही दिसत नाही.

याचं सगळ्यात नेहमीचं उदाहरण म्हणजे एएसडी, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. यात छिद्रातून आवाज येतच नाही मुळी, कारण दोन्ही बाजूंच्या दाबात फार फरक नसतो, आवाज येतो तो फुप्फुसाकडे जादा रक्त जातं त्याचा, आणि तो इतका मऊ असतो की शेजारच्या वर्गात पाढे चालू असतील तर ऐकूच येणार नाही. खरी खूण दुसऱ्या ठोक्यात असते. निरोगी मुलानं श्वास आत घेतला की दुसरा ठोका किंचित दुभंगतो आणि सोडला की परत एक होतो, एएसडीत तो श्वास घ्या नाहीतर सोडा, दुभंगलेलाच राहतो. एका आश्रमशाळेतली सहावीतली मुलगी अशीच माझ्याकडे आली होती, धावण्याच्या शर्यतीत नेहमी मागे पडायची एवढंच, बाकी आई म्हणाली हिला सर्दी-खोकला कायमचाच असतो. इकोत मोठं छिद्र, हृदयाची उजवी बाजू फुगलेली. तिला मांडीच्या शिरेतून तार घालून डिव्हाइस बसवलं, लोक त्याला छत्री म्हणतात, छातीवर साधा ओरखडासुद्धा नाही, आणि काही दिवसांत परत शाळेत गेली. हेच छिद्र पस्तिशी-चाळिशीत कळतं तेव्हा धाप, अनियमित ठोके, बाळंतपणात त्रास असं सगळं सोबत घेऊन येतं. एएसडी बंद करायचं चांगलं वय म्हणजे साधारण तीन ते पाच वर्षं, म्हणजे पहिलीच्या आधी अंगणवाडीतच सापडलं तर उत्तम, पण तिसरीतही अजिबात उशीर झालेला नसतो.

दुसरा दोष व्हीएसडी, खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र, हा सगळ्यात जास्त आढळणारा. इथे एक गोष्ट सगळ्यांना उलटी वाटते. छिद्र जितकं बारीक तितका आवाज मोठा. नळाच्या तोंडावर बोट दाबून धरलं की पाणी कसं सणसणत सुटतं तसं. त्यामुळे तपासणीत जो मर्मर स्टेथो टेकवायच्या आधी हातालासुद्धा जाणवतो तो पुष्कळदा बारीक छिद्राचा निघतो, त्यातली कित्येक छिद्रं आपोआप बंद होतात, मुलाला फक्त वर्षा-दोन वर्षांनी दाखवत राहायचं असतं. आणि मोठं छिद्र असेल तर आवाज मऊ, काही वेळा जवळपास नाहीच. मोठ्या छिद्रातून वर्षानुवर्षं फुप्फुसावर जादा रक्ताचा मारा होतो, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या जाड होतात, दाब वाढतो, आणि एका टप्प्यानंतर तो दाब परत खाली येत नाही, रक्त उलट्या दिशेनं वाहायला लागतं आणि मूल निळं पडायला लागतं. या अवस्थेला आयझेनमेंगर म्हणतात. इथे छिद्र बंद करणंच धोक्याचं होतं.

आठवीतला एक मुलगा आठवतो, बापानं हौसेनं सांगितलं की लहानपणी डॉक्टर म्हणाले होते हृदयात मोठा आवाज आहे पण नंतर तो आपोआप गेला, देवाची कृपा. मी त्याची बोटं बघितली, टोकं फुगलेली, नखं गोल वळलेली, ऑक्सिजन 84. आवाज गेला होता कारण दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला होता. त्याला औषधं देता येतात, त्यानं त्रास कमी राहतो, पण पहिल्या वर्षातच ज्या ऑपरेशननं तो बरा झाला असता ते आता करता येत नव्हतं. बापाला हे सांगताना जे वाटतं ते लिहून सांगण्यासारखं नाही. म्हणून कुठल्याही पालकानं ‘आधी मर्मर होता आता नाही म्हणाले’ असं सांगितलं तर तुम्ही त्यांना विचारा की इको करून कुणी सांगितलं का नुसतं ऐकून.

पालक अजून एक विचारतात, जन्मापासूनचं आहे तर जन्मल्यावर डॉक्टरनी का नाही सांगितलं. कारण जन्मल्या जन्मल्या बाळाच्या फुप्फुसातला दाब जास्त असतो, तेव्हा छिद्रातून फारसं रक्त वाहतच नाही, मग आवाज कुठून येणार. तो काही आठवड्यांनी सुरू होतो, तोवर बाळ-बाळंतीण घरी गेलेली असते. नंतर लसीकरणाला बाळ नेलं की सुई टोचून परत, छातीला स्टेथो लागतोच असं नाही. यात कुणा एकाचा दोष नाही, म्हणूनच मधल्या वयात परत परत बघायची सोय लागते.

ती सोय म्हणजे आरबीएसके, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. याची देशातली सुरुवात आपल्याच राज्यात पालघरला झाली, फेब्रुवारी 2013 मध्ये. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं, जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब अशा चार गटांतले तीसेक आजार, त्यात जन्मजात हृदयरोगही आहे आणि संधिवाताच्या तापानं होणारा झडपांचा आजारही. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येतं, त्यात दोन आयुष डॉक्टर, एक स्त्री एक पुरुष, शिवाय औषधनिर्माता आणि सिस्टर. काही पालक ‘ते काय साधे डॉक्टर’ म्हणून उडवून लावतात, तसं करू देऊ नका. मला आलेली कितीतरी अवघड निदानं याच लोकांच्या चिठ्ठीवरून झालीत, कारण ते पोराच्या छातीला कान लावणारे पहिले होते.

पण त्यांना नीट ऐकता यावं यासाठी शाळा बरंच काही करू शकते, आणि हे मी प्रत्येक मुख्याध्यापकांना सांगतो. व्हरांड्यात तपासणी ठेवू नका. खिचडी शिजते त्या बाजूची खोली नको, रस्त्याकडेची नको, सगळ्यात आतली खोली द्या आणि शेजारचा वर्ग तेवढ्यापुरता मैदानात न्या. एक बाक असा द्या की मुलाला आडवं झोपवता येईल. शर्टाच्या वरून स्टेथो लावून मर्मर कळत नाही, शर्ट वर करावाच लागतो, म्हणून मुलींसाठी पडदा आणि सिस्टर किंवा बाई हजर पाहिजेत, तेवढं केलं की मुली लाजून आकसत नाहीत आणि डॉक्टरही घाईनं वरवर ऐकून सोडत नाहीत. पीटीच्या तासानंतर लगेच तपासायला पाठवू नका. ज्याला ताप आहे त्याचं नाव बाजूला काढा, पुढच्या फेरीत घ्या.

आणि दोन गोष्टी पथकाला आवर्जून करायला सांगा. एक, मांडीच्या सांध्यातली नाडी. हाताची नाडी चांगली आणि मांडीची लागत नाही किंवा फार बारीक लागते, म्हणजे महाधमनी वाटेत आवळलेली असू शकते, अशा मुलाला मर्मर नसेलही, फक्त हाताचा बीपी जास्त आणि पायाचा कमी, खेळून आल्यावर पोटऱ्या दुखतात, डोकं दुखतं, नाकातून रक्त येतं. हे शाळेच्या वयात हमखास निसटतं कारण कुणी चड्डीच्या काठाशी बोट लावून बघत नाही. दुसरी गोष्ट पल्स ऑक्सिमीटर. कोविडात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या वेळी आशाताईंकडे ऑक्सिमीटर आले होते, त्यातले कित्येक आता कपाटात पडलेत. नवे सेल टाका आणि तपासणीला बाहेर काढा. बोट गरम पाहिजे, नखाला नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको, मूल शांत बसलेलं पाहिजे, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. शांत बसलेल्या मुलाचा आकडा पुन्हा पुन्हा 95 च्या खाली येत असेल तर मर्मर असो नसो, पुढे पाठवायचं.

ऑक्सिमीटरवर माझा इतका भर का, त्याचं कारण आपल्या मुलांचं रक्त. अंग निळं दिसायला रक्तात ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन एका प्रमाणाच्या वर साठावं लागतं. आता ज्या पोराचं मुळात हिमोग्लोबिनच आठ-नऊ आहे ते निळं दिसणार कसं? ते नुसतं फिकट, मलूल दिसतं आणि लोह-गोळ्या देऊन परत पाठवलं जातं. त्यात सावळ्या अंगाला निळेपणा डोळ्यांनी पकडणं अजून अवघड, जीभ बाहेर काढायला लावून दिवसाच्या उजेडात बघावं लागतं. याच्या उलट, ज्या मुलाला फॅलॉटचा आजार आहे, म्हणजे निळ्या मुलांमधला सगळ्यात नेहमीचा, त्याचं शरीर ऑक्सिजन भरून काढायला जादा रक्त बनवतं, त्याचं हिमोग्लोबिन सतरा-अठरा असायला हवं असतं. त्याचा रिपोर्ट साडेबारा आला तर सगळे म्हणतात वा, नॉर्मल आहे. त्या मुलासाठी ती लोहाची कमतरताच असते, आणि त्यानं त्याचे एकदम काळंनिळं पडण्याचे झटके वाढतात, मेंदूला धोका वाढतो. त्यामुळे निळ्या मुलाचा रक्ताचा रिपोर्ट शाळेच्या तक्त्याशी लावून बघू नका, तो हृदयाच्या डॉक्टरनाच दाखवा.

पथक वर्षातून एकदा येतं, तुम्ही रोज बघता. त्यामुळे शिक्षकानं काय बघायचं हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. परिपाठाला उभं राहिल्यावर जे पोर चक्कर येऊन पडतं ते बहुतेक वेळा उपाशी आलेलं असतं किंवा ऊन लागलेलं असतं, त्यानं घाबरायचं कारण नाही. पण पळता पळता, खेळाच्या भरात जे कोसळतं, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं आणि इसीजी-इको होईपर्यंत मैदान बंद, आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का हे विचारायचं. खेळताना मध्येच उकिडवं बसणारं मूल लक्षात ठेवा, चार पावलं पळालं की खाली बसतं, परत उठतं, मुलं त्याला चिडवतात. फॅलॉटच्या मुलाला तसं बसल्यानं बरं वाटतं म्हणून ते बसतं, आळशीपणा नाही तो. असं मूल एखाद्या दिवशी रडून किंवा पळून एकदम काळंनिळं पडलं, जोरजोरात श्वास घ्यायला लागलं तर त्याचे दोन्ही गुडघे पोटाशी दुमडून छातीला लावायचे, कडेला घेऊन शांत करायचं, पाणी पाजत बसायचं नाही, आणि 108 बोलवायची. जिना चढताना बरोबरीच्या मुलांपेक्षा मागे राहणं, वजन वर्षभर न वाढणं, वरचेवर न्यूमोनिया होऊन गैरहजेरी, याही खुणा तुमच्या हजेरीपटात आणि वजन-उंचीच्या नोंदीत आधीच पडलेल्या असतात, फक्त त्या नजरेनं पान उलटायचं.

काही मुलं मात्र अशी आहेत की त्यांना काही लक्षण असो नसो इको झालाच पाहिजे. डाऊन सिंड्रोम असलेलं मूल, कारण अशा जवळपास निम्म्या मुलांना हृदयाचा दोष असतो आणि त्यांच्या फुप्फुसातला दाब इतरांपेक्षा लवकर वाढतो. ‘मतिमंदच आहे, आता हृदय तपासून काय करायचं’ हे वाक्य मी पालकांच्याच नाही, शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकलंय आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण ऑपरेशन झालेलं डाऊनचं मूल शाळेत किती छान रमतं हे मी बघितलंय. दुसरी मुलं कर्णबधिर शाळेतली. आईला गरोदरपणात रुबेला झाला असेल तर बाळाला बहिरेपण, मोतीबिंदू आणि हृदयाचा दोष, बहुतेक पीडीए म्हणजे जन्मानंतर मिटायची हृदयाजवळची रक्तवाहिनी उघडीच राहणं, हे एकत्र येतात. नोव्हेंबर 2018 पासून आपल्याकडे शाळाशाळांत गोवर-रुबेलाची मोहीम झाली ती आठवत असेल तुम्हाला, ती यासाठीही होती, पण त्याआधी जन्मलेली मुलं अजून मोठ्या वर्गांत आहेत. आणि ज्याच्या सख्ख्या भावंडाला हृदयाचा दोष आहे तेही तपासून घ्यावं. मामाच्या मुलीशी लग्नं आपल्याकडे अजून होतात, नात्यातल्या लग्नात हा धोका थोडा वाढतो हे खरंय, पण हे पुढच्या लग्नांसाठी बोलायचं, आजारी मूल समोर असताना त्या आईला ऐकवायचं नाही.

आता मुख्य दुखणं. माझ्या अनुभवात मुलं निसटतात ती स्टेथोमुळे कमी आणि चिठ्ठी ते इको या वाटेवर जास्त. चिठ्ठी दप्तरात जाते, दप्तरातून चुलीपाशी, आणि संपलं. लोक मला विचारतात डॉक्टर तुम्हीच मशीन घेऊन शाळेत का येत नाही. इकोचं मशीन शेवटी सोनोग्राफीचंच मशीन, ते पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या, कायद्याखाली नोंदवलेलं असतं, मनात आलं म्हणून उचलून गावोगावी फिरवता येत नाही, आणि ज्या कारणासाठी तो कायदा आहे ते बघता ते बरोबरच आहे. त्यामुळे मुलालाच जिल्ह्याच्या ठिकाणी यावं लागतं. त्यात एक दिवसाचा रोज बुडतो, एसटीचं भाडं, बरोबर धाकटं पोर, आणि तिथे गेल्यावर कुठल्या खोलीत जायचं हे ठाऊक नाही. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून विभाग असतो, आरबीएसकेची मुलं तिथेच पाठवतात, पालकांना सिव्हिलच्या गेटवर जाऊन ‘डीईआयसी कुठंय’ एवढंच विचारायला सांगा. पथकाच्या डॉक्टरांचा फोन नंबर तुमच्याकडे ठेवा आणि इको शिबिराची तारीख त्यांच्याकडून आधी पक्की करून मगच पालकांना पाठवा, एकदा हेलपाटा झाला की ते परत जात नाहीत.

तुमच्या भागात ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर अजून एक. बीडकडचा माझा अनुभव सांगतो, दसरा-दिवाळी झाली की टोळ्या कारखान्याला निघतात, पोरं एकतर सोबत जातात नाहीतर आजीपाशी राहतात, आणि आजी सही करायला, जिल्ह्याला न्यायला धजत नाही. जुलैत लिहिलेली चिठ्ठी नवरात्राच्या आत इकोपर्यंत पोचली नाही तर ती थेट पुढच्या उन्हाळ्यात. म्हणून अशा मुलांची नावं वेगळी काढून पथकाला सांगा की यांचं आधी करा, तारीख दसऱ्याच्या अलीकडची घ्या.

आणि मुलींचं. मुलींच्या चिठ्ठ्या जास्त गहाळ होतात हे मी स्पष्टच सांगतो. मुलाला दोष निघाला की जमीन गहाण टाकून मुंबई गाठतात, मुलीला निघाला की ‘बघू पुढच्या वर्षी’, आणि मनात भीती की बाहेर कळलं तर लग्नाचं कसं होणार. म्हणून वर्गात सगळ्यांसमोर नाव वाचून चिठ्ठी देऊ नका, आईला बोलवून बाजूला बसवून द्या. आईला हे सांगा की आत्ता बंद केलेलं छिद्र म्हणजे पुढे नेहमीसारखं आयुष्य, नोकरी, संसार, बाळंतपण, आणि न बंद केलेलं मोठं छिद्र पहिल्याच बाळंतपणात उघडं पडू शकतं. कुणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं असं म्हणालं तर तिथल्या तिथे तोडा, हृदय पोटात पहिल्या दोन महिन्यांतच घडतं, बऱ्याचदा आईला दिवस गेल्याचं कळतं न कळतं तोवर.

पैशाचं थोडक्यात सांगतो कारण घाबरून लोक इथेच थांबतात. आरबीएसकेतून पाठवलेल्या मुलाचे उपचार मोफत होतात, आणि 2012 साली राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झालेली, 2017 पासून महात्मा फुले जनआरोग्य म्हणून चालणारी राज्याची योजना आहे, तिच्यात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं आणि डिव्हाइस दोन्ही बसतात. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेले असतात, आधी त्यांना गाठायचं, बाहेर कुणाला पैसे द्यायचे नाहीत. खारघरला श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटलमध्ये तर मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफतच होतात. शाळेनं बोनाफाईड तयार ठेवावं, रेशनकार्डावर आणि आधारवर मुलाचं नाव एकसारखं आहे का ते आत्ताच बघावं, नावातल्या एका वेलांटीपायी मंजुरी अडकलेली मी बघितली आहे. मुलाचे किडलेले दात आधीच दाखवून घ्या, दातातला जंतू रक्तात जाऊन हृदयात बसू शकतो, म्हणून ऑपरेशनच्या आधी दात साफ करून आणायला सांगतात आणि त्यातच काही वेळा तारीख हुकते.

एक वेगळा आजार याच तपासणीत सापडतो, तो जन्मजात नाही, तो म्हणजे वर सांगितलेला संधिवाताचा ताप. घसा दुखून ताप येतो, दोन-तीन आठवड्यांनी मोठे सांधे सुजतात, आज गुडघा तर उद्या घोटा, आणि मागे हृदयाच्या झडपा खराब होतात. गर्दीच्या वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत याच्याकडे खास लक्ष ठेवा. अशा मुलाला दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यायचं असतं, ते दुखतं म्हणून मुलं टाळतात, सुट्टीत घरी गेली की चुकतं. वसतिगृहाच्या कॅलेंडरवर त्या तारखांना गोल करून ठेवा.

खेळाचं विचारलंत तर, नुसता मर्मर लिहून आलाय म्हणून त्या मुलीला खेळातून काढू नका. ती निळी पडत नाही, पळताना चक्कर येत नाही, छातीत दुखत नाही, धाप लागत नाही, तर तिला लंगडी, खोखो, सगळं खेळू द्या. इकोनंतर दोष निघाला तरी बारीक छिद्राच्या मुलांना कसलीच बंदी नसते, कुणाला किती चालेल ते डॉक्टर लिहून देतील, तोंडी घेऊ नका, लिहूनच घ्या आणि पीटीच्या सरांकडे द्या.

तर या आठवड्यात एवढं करा: पथकाच्या डॉक्टरांना फोन लावून पुढच्या इको शिबिराची तारीख विचारा, मुलीच्या आईला शाळेत बोलवा आणि आजीलाही बोलवा, दोघींना सांगा की इकोत सुई नाही, भूल नाही, उपाशी राहायचं नाही, पोटाच्या सोनोग्राफीसारखंच छातीला जेली लावून बघतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम, मुलगी घाबरत असेल तर तिचं आवडतं काही सोबत घ्या. जाताना पथकाची मूळ चिठ्ठी, आधार, रेशनकार्ड, बोनाफाईड आणि जन्मापासूनचे जे काही दवाखान्याचे कागद घरात असतील ते सगळे एका पिशवीत. रिपोर्ट नॉर्मल आला तर त्यावर ‘हृदय निरोगी, पुन्हा तपासणीची गरज नाही’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्याची झेरॉक्स शाळेत ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी नवीन पथक येऊन परत तोच मर्मर ऐकेल तेव्हा त्या घराला दुसरा हेलपाटा पडणार नाही. आणि दोष निघाला तर रिपोर्टचा फोटो मला पाठवा, त्या छिद्राला आत्ता काही करायचं का थांबायचं ते मी तिच्या वडिलांशी स्वतः बोलतो.